न्याय देवाचा, सही आपली

वाचकाचे पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणारे हे वाचक निवृत्त शिक्षक असून सहा वर्षांपासून आपल्या मंडळीच्या (चर्चच्या) पास्टरेट कमिटीवर, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या समितीवर आहेत. मंडळीच्या कंपाउंडमधील रस्त्यालगतची जागा एका व्यावसायिकाला दीर्घ मुदतीच्या भाड्याने दिली गेल्याचे त्यांना तेथे पत्रे ठोकले गेल्यावर कळले. भाडे किती ठरले आणि अनामत रक्कम कोठे जमा झाली, हे कोणी सांगत नाही. कापणीच्या सणात अर्पण झालेल्या वस्तूंच्या लिलावाचे आकडे त्यांनी सवयीने टिपून ठेवले होते. लाल भोपळ्याला १,१०० रुपये आले, कोंबड्यांची जोडी २,००० ला गेली आणि एकूण बेरीज ४१,३०० झाली. वार्षिक हिशेबात मात्र २६,००० दाखवले आहेत. विचारणा केल्यावर मंडळीचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांनी 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका' हे वचन ऐकवले. ज्येष्ठ सभासदांनी 'न्याय देव करील, मंडळीची अब्रू वेशीवर टांगू नका' असे बजावले. पाळकांच्या दारात नवी गाडी आहे, तर पंचवीस वर्षे चर्चची राखण करणारा रखवालदार पक्षाघाताने अंथरुणाला खिळला आहे. मध्यंतरी पाळकांचा अपघात होऊन पाय मोडला, तेव्हा लोक म्हणाले की देवाने दाखवून दिले. वाचकालाही त्या क्षणी बरे वाटले आणि त्याची आता लाज वाटते. ते विचारतात: देव न्यायी असेल तर तो गप्प का? दान थांबवावे का? मंडळी सोडावी का? धर्मादाय आयुक्तांकडे जाणे पाप ठरेल का? आणि अगदी शेवटच्या ओळीत ते लिहितात: 'मिनिट बुकात मजकूर नंतर लिहू, म्हणून कोऱ्या पानांवर इतरांप्रमाणे मीही सह्या केल्या आहेत.'

प्रिय बंधू,

सप्रेम सलाम.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात जागा, गाडी आणि भोपळा यांनीच लक्ष वेधून घेतले. दुसऱ्या वाचनात मात्र नजर त्या शेवटच्या ओळीवर अडकली, जी तुम्ही बहुधा पाकीट बंद करण्यापूर्वी घाईने लिहिली असावी, कारण तेथे तुमचे अक्षर बदलले आहे. मी उत्तर त्या ओळीपासून सुरू करणार आहे. तुम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा माझा हेतू नाही. मीही एके काळी एका मंडळीचा खजिनदार होतो. चहा थंड होत असताना पुढे सरकवलेले रजिस्टर, 'सर, आमच्यावर विश्वास नाही का तुमचा' हे हसत म्हटलेले वाक्य आणि सही करून घरी जाण्याची घाई, हे सारे मला चांगले ठाऊक आहे. माझ्याही अशा दोन सह्या कोठेतरी पडून असतील. पण देव गप्प का, हा प्रश्न विचारणाऱ्याने आपली सही कोठे आहे हे आधी पाहून घ्यावे, असे मला बायबलमधील नाबोथाच्या गोष्टीने शिकवले.

ती गोष्ट आपण संडे स्कूलपासून राजा अहाब, राणी ईजबेल आणि संदेष्टा एलीया यांची म्हणून ऐकत आलो आहोत. १ राजे या पुस्तकाचा २१ वा अध्याय पुन्हा उघडा आणि या वेळी राजाराणीकडे न पाहता नगरातल्या वडीलजनांकडे पाहा. अहाबाला राजवाड्याशेजारचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा होता, नाबोथाने वाडवडिलांचे वतन देण्यास नकार दिला आणि राजा तोंड फिरवून अंथरुणावर पडून राहिला. मग ईजबेलने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहर लावली आणि नगरातील वडीलजन व प्रतिष्ठित लोकांना आज्ञा केली की उपासाचा दिवस जाहीर करा, नाबोथाला मानाच्या जागी बसवा आणि त्याच्यासमोर दोन नीच माणसे साक्षीला उभी करा. दोन साक्षीदार हवेत, हा नियमशास्त्राचाच दंडक होता. तोही पाळला गेला. उपास झाला, सभा झाली, साक्ष झाली आणि नाबोथाला नगराबाहेर नेऊन धोंडमार करण्यात आली. सगळे कसे रीतसर, आजच्या भाषेत ठराव क्रमांकासह. त्यातली एक बारीक गोष्ट मला अनेक वर्षे दिसली नव्हती. पत्रे आली होती राजाच्या नावाने, पण काम फत्ते झाल्याचा निरोप वडीलजनांनी पाठवला तो राणीला. म्हणजे पत्र खरे कोणाचे आहे, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होते. त्यांच्यापैकी एकानेही द्राक्षमळ्यातील एक घोस खाल्ला नसेल. त्यांनी फक्त सभा भरवली.

भ्रष्ट नेतृत्व म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक माणूस उभा राहतो, मग तो मंत्री असो, सरपंच असो किंवा पाळक. पवित्र शास्त्राला मात्र त्या माणसाभोवतीची बैठकही दिसते. यहेज्केलाच्या ३४ व्या अध्यायात परमेश्वर स्वतःचेच पोट भरणाऱ्या मेंढपाळांना जाब विचारतो, हे आपण पाळकांच्या दीक्षाविधीच्या वेळी हटकून वाचतो. त्याच अध्यायात थोडे पुढे तो मेंढरा-मेंढरांमध्येही निवाडा करतो, कारण लठ्ठ मेंढरे स्वतः चरून उरलेले कुरण तुडवतात, पाणी गढूळ करतात आणि दुबळ्यांना खांद्याने व कुशीने ढकलून देतात. हा भाग व्यासपीठावरून वाचलेला मी फारसा ऐकलेला नाही. तेव्हा तुमच्या मंडळीतला प्रश्न एका पाळकाचा आहे, हे तुमचे पहिले गृहीतक मला अपुरे वाटते. कोऱ्या पानावर सह्या करणारी पूर्ण कमिटी त्यात आहे, आणि हे दुःखदायक असले तरी एका अर्थी आशेचेही आहे, कारण पाळकांचे मन बदलणे तुमच्या हातात नसले तरी स्वतःची सही तुमच्या हातात आहे.

आता 'अभिषिक्त' या शब्दाकडे येऊ, कारण या एका शब्दाने महाराष्ट्रातील कितीतरी मंडळ्यांची तोंडे बंद केली आहेत. हे वचन १०५ व्या स्तोत्रातले आहे. त्याच्या आधीच्या काही ओळी वाचल्या तर तेथे कोण आहे, ते स्पष्ट दिसते. अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचे मूठभर कुटुंब परदेशी म्हणून एका राष्ट्रातून दुसऱ्या राष्ट्रात भटकत आहे, आणि परमेश्वर त्यांच्यासाठी राजांना दटावतो की माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका. म्हणजे हे वचन बलवानांना दिलेला इशारा आहे, दुबळ्यांच्या बाजूने दिलेला. ते उलटे धरून एखादा अधिकारी आपल्या सभासदांवर रोखतो, तेव्हा ढाल तलवारीसारखी वापरली जाते. शिवाय योहानाच्या पहिल्या पत्रानुसार अभिषेक साऱ्याच विश्वासणाऱ्यांना मिळालेला आहे. त्या न्यायाने तुमच्या रखवालदारालाही हात लावता येत नाही.

याला कोणी दाविदाचे उदाहरण देईल आणि ते द्यायलाही हवे. जिवावर उठलेला राजा शौल परमेश्वराचा अभिषिक्त आहे म्हणून दाविदाने गुहेत त्याच्यावर हात टाकला नाही, हे खरे. पण तो गप्पही बसला नाही. शौल गुहेबाहेर पडल्यावर दाविदाने त्याला मोठ्याने हाक मारली, झग्याचा कापलेला काठ उंच धरून दाखवला, शौलाबरोबर आलेल्या ३,००० निवडक सैनिकांच्या देखत आपले गाऱ्हाणे मांडले आणि तुझ्यामाझ्यात परमेश्वर न्याय करो, असे म्हटले. न्याय देवावर सोपवणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट चित्र मला माहीत नाही. सूड त्याने सोडून दिला, पुरावा मात्र हातात धरला. तुमच्या ज्येष्ठ सभासदांनी या प्रसंगातला अर्धाच भाग उचलला आहे. तुमची लिलावाची वही ही त्या झग्याच्या काठासारखीच आहे, असे समजा.

ज्येष्ठांची भूमिका मला वृद्ध याजक एलीची आठवण करून देते. एलीचे मुलगे हफनी व फिनहास शिलो येथे याजक होते. यज्ञाचे मांस शिजत असताना त्यांचा चाकर तीन दातांचा काटा घेऊन येई, भांड्यात खुपसून जे वर येईल ते घेऊन जाई, आणि पुढेपुढे तर चरबी जाळण्याआधीच कच्चे मांस मागू लागला. दिले नाही तर जबरदस्तीने नेऊ लागला. एलीने मुलांची कानउघाडणी केली, चांगल्या शब्दांत केली. तरीही परमेश्वराचा ठपका एलीवर आला, कारण त्याने मुलांना आवरले नाही. त्याच्या हाती अधिकार होता आणि त्याने केवळ उपदेश केला. खासगीत 'पाळकसाहेब, हे बरे नव्हे' असे म्हणून घरी जाणारे आपण बहुतेक जण एलीचेच भाऊबंद आहोत. आणखी बोचणारी गोष्ट म्हणजे, लोकांच्या अर्पणातील उत्तम भागावर तुम्ही पुष्ट झाला आहात, या आरोपात परमेश्वराने खुद्द एलीलाही धरले आहे. तोही त्याच ताटात जेवत होता.

तरीही एक गोष्ट याच अध्यायांत शेजारी शेजारी चालू आहे, आणि ती तुमच्या मंडळी सोडण्याच्या प्रश्नाशी थेट भिडते. हफनी व फिनहास लूट करत होते त्या काळात मूल नसलेली हन्ना प्रार्थनेला त्याच शिलोला येत होती, तिचे अश्रू तेथेच ऐकले गेले आणि बाळ शमुवेल तेथेच लहानाचा मोठा झाला. याजक भ्रष्ट होता म्हणून तिची प्रार्थना बाटली नाही. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत डोनाटसच्या अनुयायांनी नेमका हाच प्रश्न उपस्थित केला होता की अपात्र सेवकाच्या हातचा संस्कार (बाप्तिस्मा, प्रभुभोजन यांसारखा विधी) ग्राह्य कसा. तेथील बिशप ऑगस्टीनने त्याला दीर्घ उत्तर दिले आणि मंडळीने ते स्वीकारले: संस्कार ख्रिस्ताचा आहे, सेवकाच्या योग्यतेवर तो अवलंबून नाही. म्हणून या पाळकांच्या हातून प्रभुभोजन घेताना घास घशाशी अडकतो, असे तुम्ही लिहिले आहे ते मी समजू शकतो, पण त्यामुळे ते प्रभुभोजन कमी होत नाही. मंडळी सोडण्याची वेळ कधीच येत नाही, असेही मी म्हणणार नाही. जेथे मुलांच्या किंवा स्त्रियांच्या अंगाला धोका आहे तेथे एक रविवारही थांबू नये आणि तडक पोलिसांकडे जावे. पैशाच्या बाबतीत मात्र हिशेब समजणारा माणूस निघून गेला तर चोराचेच फावते. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, त्या घरातून डोळस माणसाने उठून जाण्यात शहाणपण नाही.

देव गप्प का, हा तुमचा खरा आणि अवघड प्रश्न. त्याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही आणि ज्यांच्यापाशी आहे त्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही. उपदेशक या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे की दुष्कर्माची शिक्षा तातडीने होत नाही, म्हणून माणसांचे मन वाईट करण्यास धजावते. म्हणजे उशिराची तक्रार पवित्र शास्त्रातच नोंदलेली आहे. ती करण्याने तुम्ही अविश्वासी ठरत नाही. आसाफाने ७३ व्या स्तोत्रात दुर्जनांची भरभराट, त्यांची धष्टपुष्ट शरीरे आणि त्यांचा गर्व यांचे वर्णन इतक्या बारकाईने केले आहे की त्याच्या दारातही कोणाची तरी नवी गाडी उभी असावी, असे वाटते. त्याचे पाय घसरण्याच्या बेतात होते, असे तो कबूल करतो. देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर त्याला त्यांचा शेवट कळला. त्या दिवशी त्यांच्यापैकी कोणी कोसळल्याचे मात्र तो सांगत नाही.

आपल्याकडे देवाच्या काठीला आवाज नसतो असे म्हणतात, आणि मग प्रत्येक अपघातात आपण ती काठी शोधू लागतो. पाळकांचा पाय मोडला, तो देवाचा न्याय, असे मानायचे असेल तर रखवालदाराचा पक्षाघात कोणाचा? एकाच मापाने दोघांना मोजून पाहा, मापच मोडते. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली, तेव्हा ती यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे समजता काय, असे प्रभू येशूने विचारले आणि स्वतःच नाही म्हणून उत्तर दिले. अपघातानंतर तुम्हाला बरे वाटले याची तुम्हाला लाज वाटते, हे मला तुमच्या पत्रातील सर्वांत निरोगी वाक्य वाटले. ती लाज सांभाळून ठेवा. पाळक पडावा ही इच्छा आणि मंडळीचा पैसा मंडळीला परत मिळावा ही इच्छा, या दोन्ही मनात एकाच दाराने येतात, पण त्या सख्ख्या बहिणी नाहीत.

अहाबाच्या गोष्टीत देवाचा न्याय कोणत्या रूपाने आला, तेही पाहण्यासारखे आहे. वीज पडली नाही. आला तो एक माणूस, एलीया, आणि तो राजवाड्यात न जाता त्या बळकावलेल्या द्राक्षमळ्यातच राजासमोर उभा राहिला. त्याने प्रश्न विचारला: तू खून करून वतनही घेतलेस ना? मग राजाने गोणपाट नेसले, उपास केला, आणि परमेश्वराने अरिष्ट पुढे ढकलले. प्रामाणिकपणे सांगतो, तरुणपणी मला हा भाग आवडत नसे. इतका पापाचा घडा भरलेला असताना सवलत कसली? अहाब पुढे रामोथ-गिलादाच्या लढाईत कोणा एकाने सहज सोडलेल्या बाणाने मेला, पण तोपर्यंत काळ गेला होता आणि नाबोथ तर परत आलाच नाही. देवाच्या न्यायात पश्चात्तापाला जागा ठेवलेली असते; ती तुमच्या पाळकांनाही आहे आणि कोऱ्या पानांवर सह्या करणाऱ्यांनाही. उशीर आपल्याला दुसऱ्याच्या बाबतीतच खटकतो. तुमच्या सहीनंतर लगेच वीज पडली असती तर?

आणि देव खरोखर गप्पच आहे, असेही मी म्हणू धजत नाही. भोपळ्याचा लिलाव चालू असताना एक माणूस मागच्या बाकावर बसून आकडे टिपत होता. त्याला ती सवय कोणी लावली?

अब्रूचा मुद्दा मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर प्रेषित पौलाने स्वतःच्या वागण्याने निकाल दिलेला आहे. यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना त्याने पैसे स्वतःच्या हाती ठेवले नाहीत. आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन बंधू पाठवले, त्यांतला एक तर मंडळ्यांनी निवडलेला होता, आणि कारण स्पष्ट लिहिले की एवढ्या मोठ्या देणगीच्या व्यवस्थेत कोणी दोष लावू नये, म्हणून प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते आम्ही करतो. 'देवाला सगळा हिशेब ठाऊक आहे' हे वाक्य पौलाला म्हणता आले असते. त्याने ते म्हटले नाही. त्याने माणसे वाढवली.

मग आता करायचे काय? सर्वप्रथम, तुम्ही गृहीत धरलेल्या दोन गोष्टी तपासून घ्या. ४१,३०० आणि २६,००० यांतील १५,३०० चा फरक ही चोरी असू शकते, आणि मांडव व जेवणाचा खर्च परस्पर वजा करून उरलेली रक्कम दाखवण्याची वाईट पद्धतही असू शकते. दुसरा प्रकारही चुकीचाच आहे, पण तो वेगळा अपराध आहे. गाडी कर्जावर असेल, मुलाने घेऊन दिली असेल. तिला पुराव्यात धरू नका. पौल आपला सहकारी तीमथ्य याला सांगतो की दोन-तीन साक्षीदार असल्याशिवाय वडिलावरील आरोप दाखल करून घेऊ नये, आणि लगेच पुढच्याच वचनात सांगतो की जे पाप करतात त्यांचा सर्वांसमक्ष निषेध कर. आपल्याकडे पाळकांचे समर्थक पहिले वचन पाठ करतात आणि विरोधक दुसरे. ती एकाच श्वासात लिहिलेली आहेत.

दुसरे, भोपळ्यापेक्षा जमीन मोठी आहे आणि जमिनीचे कागद सापडतात. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, तेव्हा दुय्यम निबंधक कार्यालयात त्या गट किंवा सर्व्हे क्रमांकाचा शोध घेऊन इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) मिळतो का ते पाहा. भाडे, मुदत आणि सह्या करणाऱ्यांची नावे तेथे दिसतील. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा. मंडळीची मालमत्ता ज्या विश्वस्त संस्थेच्या नावावर असेल तिच्या परिशिष्ट एकची प्रमाणित प्रत धर्मादाय कार्यालयातून मिळते आणि तीवर विश्वस्त कोण व मालमत्ता कोणती हे लिहिलेले असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे संस्थेची स्थावर मालमत्ता विकण्यासाठी, आणि शेतजमीन १० वर्षांहून किंवा बिगरशेती जमीन अथवा इमारत ३ वर्षांहून अधिक काळ भाड्याने देण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती घेतली होती का, एवढा एकच प्रश्न लेखी विचारला तरी तुमच्या मंडळीतील निम्मी कुजबुज थांबेल. बहुतेक ठिकाणी स्थानिक पाळकाला मालमत्ता देण्याचा अधिकारच नसतो, तो डायोसिसच्या (बिशपच्या अधिकारक्षेत्राच्या) किंवा मध्यवर्ती विश्वस्तांकडे असतो; मग हा करार कोणी केला, हा प्रश्न वरच्या पायरीवर जातो.

तिसरे, पायऱ्या गाळू नका. मत्तय १८ प्रमाणे एकदा एकटे जा, कागद हातात घेऊन, आवाज न चढवता. नंतर दोघा-तिघांसह जा, आणि त्यांत पाळकांचा एक निकटवर्तीय मुद्दाम असू द्या. नंतर कमिटीत विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेण्याची लेखी मागणी करा, मग सर्वसाधारण सभा, मग बिशपसाहेब किंवा तुमच्या घटनेत जो अधिकारी असेल तो. हे सारे बोथट ठरले तर हितसंबंध असलेली व्यक्ती म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करता येतो. हिशेबाची चौकशी करण्याचे, आणि दोष सिद्ध झाल्यास कलम ४१ड खाली विश्वस्ताला दूर करण्याचे अधिकार त्यांना आहेत. व्हॉट्सॲपच्या गटावर मात्र एक अक्षर टाकू नका. तेथे आरोप होतो, चौकशी होत नाही, आणि उद्या बदनामीची नोटीस आली की मूळ विषय बाजूला राहतो.

बंधूंनी एकमेकांविरुद्ध अविश्वासी लोकांच्या न्यायासनापुढे जाऊ नये, हे करिंथकरांस लिहिलेले वचन तुम्हाला अडवते आहे, हे मी जाणतो. त्याच अध्यायात पौल विचारतो की भावाभावांत निवाडा करू शकेल असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय? म्हणजे घरातला निवाडा झाला पाहिजे, ही त्याची अट आहे. जेथे तोच नाकारला जातो तेथे ते वचन अन्याय करणाऱ्याचे कवच होऊ शकत नाही. शिवाय संस्थेची जमीन हा तुमचा व पाळकांचा बांधावरचा तंटा नाही; ती ज्यांच्यासाठी दिली गेली त्या न जन्मलेल्या सभासदांचाही तीत वाटा आहे. हाच पौल फिलिप्पैमध्ये, आम्हाला चौकशीविना फटके मारून आता गुपचूप सोडता काय, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे म्हणाला आणि पुढे त्याने कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली. रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायात अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हटले आहे, ते सेवकाला मालकाला हिशेब द्यावा लागतो या अर्थानेही वाचता येते. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी सरकारने तो अध्याय आपल्या समर्थनार्थ वापरला, तेव्हा १९८५ मध्ये तेथील ईशज्ञान्यांनी कैरोस निवेदनातून सरकारने लावलेला अर्थ उघडपणे नाकारला. आपल्या घरचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८९७ च्या प्लेगच्या काळात पुण्यातल्या सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची जी हेळसांड झाली, तिच्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले. राज्य करणारे ख्रिस्ती होते म्हणून त्यांनी पत्र खिशात ठेवले नाही.

दान थांबवू नका, दिशा द्या. थैलीत रोख न टाकता चेकने द्या, मागे किंवा सोबतच्या चिठ्ठीत हेतू लिहा, पावती मागा. तुमच्यासारखे दहा जण असे करू लागले तर हिशेबाची सवय आपोआप लागते. लिलावाची रक्कम त्याच दिवशी, त्याच टेबलावर, नात्यात नसलेल्या दोघांनी मोजून सही करावी आणि आकडा आशीर्वादापूर्वी जाहीर करावा, एवढा ठराव पुढच्या कापणीच्या सणाआधी मांडा. त्याला विरोध कोण करतो, ते सगळ्यांना दिसेल.

तुमच्याशी मिळतीजुळती पत्रे मला इतर मंडळ्यांतूनही येतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. स्वतंत्र मंडळ्यांमध्ये पुष्कळदा पाळक, त्यांची पत्नी आणि मुलगा हेच विश्वस्त असतात. तेथे देणाऱ्यांनी निदान परिशिष्ट एक पाहूनच जागेसाठी वर्गणी द्यावी. कॅथलिक वाचकांनी लक्षात ठेवावे की १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) अर्थसमिती असणे बंधनकारक आहे आणि श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यायचा आहे, तेव्हा फादरकडे तो मागण्यात उद्धटपणा नाही. आणि हे वाचणाऱ्या पाळकांना एक विनंती: निवृत्त होताना, लोकांचा पुढारी झालेल्या त्याच शमुवेलाने सगळ्या लोकांसमोर विचारले होते की मी कोणाचा बैल घेतला, कोणाकडून लाच घेतली ते सांगा. तसे विचारण्यासाठी निवृत्तीची वाट पाहण्याचे कारण नाही.

एक माणूस मात्र या साऱ्यात मागे पडतो आहे. रखवालदाराच्या आजारपणाचा उल्लेख तुम्ही देवाच्या न्यायाविषयीच्या तक्रारीत केला आणि पुढे गेलात. त्याचा काही पगार थकला आहे का, औषधाला किती लागते, रात्री त्याला कुशीवर कोण वळवते, हे तुमच्या पत्रात नाही. मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरड करते, असे याकोबाच्या पत्रात लिहिले आहे. पाळक पायउतार झाल्याने त्याच्या घरात काही बदलणार नाही. म्हणून येत्या आठवड्यात इंडेक्स टू काढण्याच्या आधी त्याच्या घरी जाऊन या आणि थकबाकी असेल तर तिचा आकडा त्याच वहीत भोपळ्याच्या खाली लिहा.

आणि त्यानंतर सचिवांना एक साधे पत्र द्या: अमुक तारखांच्या सभांच्या इतिवृत्तांवर मी मजकूर लिहिण्यापूर्वी सही केली, ती माझी चूक होती, त्या पानांवर नंतर जे लिहिले गेले असेल त्याला माझी संमती समजू नये, आणि यापुढे वाचून दाखवल्याशिवाय मी सही करणार नाही. कदाचित हे पत्र दिल्यावर तुमच्याशी बोलणे टाकले जाईल, आणि कदाचित त्याच संध्याकाळी आणखी एखादा सभासद दार वाजवून विचारेल की सर, तसे पत्र मलाही लिहून द्याल का. पत्राच्या दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या, आणि मिनिट बुक हातात आहे तोवर त्या पानांचे फोटो आधी काढून ठेवा.